देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, मग मी ठरवतो ते काय? ख्रिस्ती विश्वासातलं पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायबल अभ्यासाच्या बैठकीत निघतात, तरुणांच्या शिबिरात निघतात, आणि सर्वांत कळवळून निघतात ते दुःखाच्या घरी. ख्रिस्ती मंडळ्यांची यावर एकच शिकवण नाही. जिथे मतभेद आहेत तिथे ते तसेच मांडले आहेत, आणि जिथे कौल माझा आहे तिथे तो माझा म्हणूनच सांगितला आहे.

देवाला भविष्य ठाऊक आहे असं पवित्र शास्त्र खरोखर म्हणतं का?

म्हणतं, आणि आडपडदा न ठेवता म्हणतं. स्तोत्र १३९ मध्ये स्तोत्रकर्ता सांगतो की माझ्या जिभेवर शब्द येण्याआधीच तो तुला पुरता ठाऊक असतो. यशया ४६:१० मध्ये देव आपली ओळखच आरंभी शेवट सांगणारा अशी करून देतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, आणि पहाटेपर्यंत तसंच घडतं.

पण तेच शास्त्र अनुवाद ३०:१९ मध्ये जीवन आणि मरण लोकांच्या पुढ्यात ठेवतं आणि जीवन निवडून घ्या म्हणतं. यरुशलेमेकडे पाहून येशू हळहळतो की तुझ्या मुलांना जवळ घ्यायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची नव्हती (मत्तय २३:३७). ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्यासाठी कुणी असं हळहळत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात पाहायच्या असतील तर प्रेषितांची कृत्ये २:२३ उघडा. देवाच्या ठाम संकल्पाने आणि पूर्वज्ञानाने येशू तुमच्या हाती दिला गेला, आणि तुम्ही त्याला मारलंत. मेळ कसा घालायचा ते तिथे सांगितलेलं नाही. आणि हे बोलणारा पेत्रच आहे, ज्याने सुमारे सात आठवड्यांपूर्वी एका दासीसमोर घाबरून येशूची ओळख नाकारली होती.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

समजा, उद्या सकाळी मी एका कागदावर खोटी सही करणार आहे. देवाला हे काल ठाऊक होतं. काल होऊन गेला, त्यात आता कुणालाही फेरफार करता येत नाही. देवाचं ज्ञान चुकत नाही. मग उद्या सही न करण्याची वाट मला उरली कुठे? आणि वाटच नसेल तर दोष तरी कसा लावायचा?

या युक्तिवादाचे तीन खांब आहेत: होऊन गेलेलं बदलत नाही, देव चुकत नाही, आणि दुसरी वाट मोकळी असल्याशिवाय दोष लागत नाही. पुढे आलेलं जवळजवळ प्रत्येक उत्तर यांपैकी एखाद्या खांबाला हात घालतं. कोण कुठल्या खांबाला हात घालतो हे लक्षात ठेवलं की ही सगळी चर्चा समजायला सोपी जाते.

'जाणणं म्हणजे घडवणं नव्हे' एवढं उत्तर पुरत नाही का?

बरंच पुरतं, पण पुरेपूर नाही. उत्तर जुनं आहे. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती लोकांना डिवचलं होतं: तुमच्या येशूने देव या नात्याने आधीच सांगितलं म्हणजे ते घडणं भागच होतं, तेव्हा आपल्या शिष्यांना पापात त्यानेच ढकललं. तिसऱ्या शतकाच्या मध्याला ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने त्याला लिहिलेलं उत्तर आजही ताजं वाटतं. आधी सांगणारा त्या गोष्टीचं कारण होत नाही. गोष्ट घडणार आहे म्हणून ती सांगता येते. पुढे ऑगस्टिनने (३५४–४३०) इच्छास्वातंत्र्यावरच्या आपल्या संवादात हाच मुद्दा स्मृतीच्या बाजूने मांडला. तुम्हाला काल घडलेलं आठवतं म्हणून तुमच्या आठवणीने ते घडवून आणलं असं होत नाही. तसंच देवाला पुढचं दिसतं म्हणून त्याच्या पाहण्याने ते लादलं जात नाही.

इथे तर्कातली एक नेहमीची चूकही धरता येते. 'तुम्ही बसलेले मला दिसत असाल तर तुम्ही बसलेले आहातच' हे निर्विवाद आहे. त्यावरून 'तुम्हाला बसणं भागच होतं' असं निघत नाही. 'देवाला ठाऊक असलेलं घडतंच' या वाक्यावरून लोक 'ते घडणं अटळच होतं' या वाक्यावर नकळत उडी मारतात, आणि अर्धी भीती या उडीतून येते.

उरलेली अर्धी मात्र खरी आहे. घडवलं कुणी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कालचं ज्ञान पक्कं होऊन बसलंय, आणि मी त्याच्या विरुद्ध वागू शकत नाही, ही टोचणी जात नाही. प्रवचनात हे उत्तर एका वाक्यात देऊन पुढे गेलं की विचार करणारी मुलं गप्प बसतात, पण त्यांचं समाधान झालेलं नसतं.

देव काळाच्या बाहेर आहे, म्हणून त्याच्यासाठी 'आधी' असं काही नाही, हे उत्तर कुणाचं?

बोएथियस नावाच्या रोमी विद्वानाचं. राजा थिओडोरिकने त्याला राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकलं. इ. स. ५२४च्या सुमारास त्याला देहदंड झाला, त्याआधी त्याने कैदेत लिहिलेल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात हा विचार आहे. अनंतकाळ म्हणजे न संपणारा लांबलचक काळ नव्हे, तर अमर्याद जीवन एकदम, सगळंच्या सगळं हाती असणं. तेव्हा देव उद्याकडे आधीच पाहत नाही; उद्या त्याच्या समोरच आहे. बोएथियसचा दाखला साधा आहे. माणूस रस्त्याने चालताना आणि सूर्य उगवताना तुम्हाला एकाच वेळी दिसतो. सूर्याला उगवणं भाग आहे, माणूस आपल्या मर्जीने चालतोय. तुमच्या पाहण्याने दोहोंत काहीच बदल होत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याला उंचावर उभ्या असलेल्या माणसाचं रूप दिलं. वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरच्याला अख्खी वाट एकदम दिसते. कॅथलिक धर्मशिक्षणात आजही हाच धागा आहे.

मला हे उत्तर जवळचं वाटतं, पण त्यातली मेख लपवून चालणार नाही. पेत्राला सांगितलेला शब्द काळाच्या आतच उच्चारला गेला होता. गुरुवारी रात्री त्याच्या कानांवर पडला आणि होऊन गेला. देव काळाबाहेर असेल, पण ते वाक्य काळाबाहेर नव्हतं. तेव्हा भविष्यवाणीचा प्रश्न या उत्तराने परस्पर सुटत नाही.

होऊन गेलेलं सगळंच सारखं पक्कं असतं का?

विल्यम ऑफ ओकम या फ्रान्सिस्कन संन्याशाने (मृत्यू १३४७) हाच प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सर्वांत कसदार विचार इथे आहे.

दोन वाक्यं घ्या. पहिलं: १६३० मध्ये शिवनेरीवर एका बाळाचा जन्म झाला. दुसरं: १६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या बाळाला ४४ वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक होणार होता. दोन्ही वाक्यं १६३० बद्दलची आणि दोन्ही खरी. पण पहिलं त्याच वर्षी पुरतं पक्कं झालं. दुसऱ्याचा खरेपणा १६७४ वर टेकलेला आहे. मधली सगळी वर्षं, अफझलखान, पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका, यांत माणसांनी घेतलेले निर्णय त्या वाक्याने आधीच बांधून टाकले होते असं आपण म्हणत नाही. ते वाक्यच त्या निर्णयांमुळे खरं ठरलं.

ओकमच्या वाटेने जाणारे म्हणतात की देवाचं कालचं ज्ञान या दुसऱ्या वाक्याच्या जातीचं आहे. उद्या मी सही केली नाही, तर देवाला काल 'हा सही करणार नाही' हेच ठाऊक असेल. मी भूतकाळ बदलत नाही; माझ्या उद्यामुळेच कालच्या ज्ञानात काय होतं ते ठरतं.

यावर आक्षेप असा की देवाचं ज्ञान म्हणजे नुसती वाक्यरचना नव्हे, ते काल खरोखर होतं. आक्षेप वजनदार आहे. तरी मला एक गोष्ट पटते: कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहा. ज्ञान कृतीवर टेकलेलं आहे, कृती ज्ञानावर नाही. पेत्राला सांगितलेलं वाक्य त्या ज्ञानातून आलं, आणि ते ज्ञान पेत्राच्या नाकारण्यातून. वाक्य आधी कानी पडलं एवढ्याने हा क्रम उलटत नाही.

मोलिनाचं मत काय होतं?

लुईस दे मोलिना हा स्पेनचा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संन्याशी संघाचा. ख्रिस्तपुराणाच्या ओव्या रचणारे फादर स्टीफन्स गोव्यात ज्या संघाचे म्हणून आले, तोच हा संघ. मोलिनाचा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं, देवाला नुसतं काय घडणार एवढंच ठाऊक नसतं. अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वतःच्या मर्जीने काय करेल हेही ठाऊक असतं, आणि ते लक्षात घेऊन तो जगाची मांडणी करतो.

याला शास्त्रातला आधार १ शमुवेल २३ मधला. दावीदाने कईला नगर पलिष्ट्यांच्या हातून सोडवलं होतं. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल चालून येतोय अशी बातमी येते. दावीद देवाला विचारतो, शौल येईल का? येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. हे ऐकून दावीद आपल्या सुमारे ६०० माणसांसह निघून जातो, शौल येत नाही, आणि कुणी कुणाला धरून देत नाही. देवाने सांगितलेलं खोटं नव्हतं. दावीद तिथे राहिला असता तर काय झालं असतं ते होतं ते. ज्यांना वाटतं की देवाने सांगितलं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, त्यांना मी आधी हा अध्याय वाचायला सांगेन. देवाचं ज्ञान ऐकून दावीद उठला आणि चालू लागला.

दोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या धर्मपंडितांना, विशेषतः दोमिंगो बान्येसला, हे रुचलं नाही. देव माणसाच्या 'असं झालं तर' वर अवलंबून राहू लागला, असा त्यांचा आक्षेप. वाद रोमला गेला. १५९८ ते १६०७ पर्यंत पोपच्या समितीपुढे चालला, आणि पाचव्या पौलाने निकाल न देताच तो थांबवला: दोघांनीही आपापलं मत बाळगावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये.

लूथर आणि कॅल्व्हिन इच्छास्वातंत्र्य मानत नव्हते का?

हे दोघे सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट धर्मसुधारक. विद्वान इरास्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, त्याला लूथरने १५२५ मध्ये उत्तर दिलं. त्यात तो देवाच्या पूर्वज्ञानाला वीज म्हणतो, जिच्या आघाताने स्वतंत्र इच्छा जमीनदोस्त होते. कॅल्व्हिनचं म्हणणं आणखी थेट आहे: देव पुढचं पाहतो ते त्याने ठरवलं आहे म्हणून, तेव्हा नुसत्या पूर्वज्ञानावर वाद घालण्यात अर्थ नाही. या परंपरेत तिसऱ्या खांबाला हात घातलेला आहे. माणूस जे करतो ते स्वतःच्या इच्छेने, कुणी हात पिरगाळल्याशिवाय करतो, एवढं दोष लागायला पुरेसं आहे. दुसरी वाट मोकळी असण्याची गरज नाही.

हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये याला हरकत घेतली, आणि १६१८–१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने ती फेटाळली. पुढे अठराव्या शतकात जॉन वेस्ली आर्मिनियसच्या बाजूला उभा राहिला, म्हणून मेथॉडिस्ट मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्येच सांगितलं होतं की आदामाच्या पतनाने इच्छा दुबळी झाली, पण विझली नाही.

आपल्याकडे हे सगळे वारसे शेजारी नांदतात. वसईत कॅथलिक आहेत, मुंबई-पुण्यात मेथॉडिस्ट आहेत. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्तिस्त असे अनेक प्रवाह एकत्र आले. त्यामुळे एकाच घरात मावशी एक सांगते आणि सासरे दुसरं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हे म्हणजे सटवाईने कपाळी लिहिल्यासारखंच झालं की!

मराठी घरात हा प्रश्न येणारच. पाचवीच्या रात्री सटवाई लिहून जाते आणि आयुष्य त्या लिखाणाची नक्कल करत जातं, अशी कल्पना. तिथे लेख आधी आणि जगणं मागून. पूर्वज्ञानात, निदान ओरिजेन-ऑगस्टिनच्या वाटेने पाहिलं तर, क्रम उलटा आहे: जगणं माझं, आणि ज्ञान त्याच्या मागोमाग येणारं, जरी काळाच्या हिशेबात ते आधी असलं तरी. प्रारब्धाची कल्पना आणखी निराळी, कारण ते आपल्याच पूर्वकर्माचं फळ मानलं जातं. दोन्ही कल्पना मानणाऱ्यांचा मान राखून एवढंच म्हणतो की 'नशिबात होतं' हे वाक्य ख्रिस्ती पूर्वज्ञानाचं भाषांतर नव्हे. कॅल्व्हिनच्या परंपरेतलेही ते मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते सगळं आधी ठरलेलं असलं तरी ते एका पित्याने हेतूने ठरवलेलं आहे, आणि ते आपल्या इच्छेला टाळून नाही, तिच्यातूनच घडतं.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाला दुसरा पर्याय होता का?

मला वाटतं, होता. योहान सांगतो की आपल्याला कोण धरून देणार हे येशूला सुरुवातीपासून ठाऊक होतं (६:६४). तरीही तो यहूदाला बाराजणांत ठेवतो, त्याचे पाय धुतो, ताटातला घास त्याला देतो, आणि बागेत चुंबन घ्यायला आलेल्याला 'गड्या' म्हणून हाक मारतो. ज्याचा खेळ संपला आहे त्याच्याशी कुणी असं वागत नाही.

आता पेत्राशेजारी त्याला उभा करा. दोघांचंही पतन आधी सांगितलेलं आहे, दोघंही पडतात, दोघांनाही पश्चात्ताप होतो. यहूदा चांदीची ३० नाणी परत फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. पेत्र बाहेर जाऊन रडतो आणि थांबतो. लूक २२:३१–३२ मध्ये येशू पेत्राला नाकारण्याचं भाकीत ऐकवण्याआधी काय म्हणतो ते पाहा: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याच्या आधी परतण्याची वाट सांगून ठेवली आहे. येशूचं पूर्वज्ञान पेत्राच्या वाट्याला आलं ते प्रार्थनेच्या रूपात. पूर्वज्ञानावरच्या तात्त्विक ग्रंथांत मला हे क्वचितच दिसतं, आणि माझ्यासाठी तर हाच या विषयाचा गाभा आहे.

देवाने फारोचं मन कठीण केलं, मग फारोचा काय दोष?

फारो म्हणजे इस्राएल लोकांना गुलामीत ठेवणारा मिसरचा राजा. त्याने त्यांना सोडावं म्हणून देवाने पाठवलेल्या पीडांची गोष्ट निर्गमाच्या पुस्तकात आहे; ते क्रमाने वाचा. सुरुवातीच्या पीडांमध्ये फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो (८:१५, ८:३२). परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं असं पीडांच्या ओघात पहिल्यांदा येतं ते ९:१२ मध्ये, सहाव्या पीडेनंतर. देव तसं करणार हे मोशेला आधी सांगितलेलं आहे (४:२१), त्यामुळे कॅल्व्हिनच्या वाटेचे लोक यावर समाधान मानत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही.

देवाला सगळं ठाऊक आहे तर प्रार्थना कशाला?

मत्तय ६:८ मध्ये येशू म्हणतो की तुम्ही मागण्याआधी तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, आणि लगेच पुढे प्रार्थना शिकवतो. अक्वायनसचं उत्तर असं की आपण देवाचा बेत बदलायला प्रार्थना करत नाही. प्रार्थनेतूनच द्यायचं असं त्याने जे ठरवलं आहे ते मिळावं म्हणून करतो. तुमची उद्याची प्रार्थनाही त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींतलीच एक आहे.

पण निनवेच्या बाबतीत देवाने विचार बदललाच ना? कदाचित त्यालाही भविष्य पुरतं ठाऊक नसेल?

निनवे नगरात जाऊन संदेष्टा योना ४० दिवसांत नाश होणार असं ओरडला, लोक वळले, नाश टळला. राजा हिज्कीयाला मरणाचा निरोप आला, तो रडला, आणि त्याला १५ वर्षं वाढवून मिळाली. अब्राहामाला तर देव म्हणतो, 'आता मला कळलं.' यावरून काही इव्हँजेलिकल विचारवंतांनी, विशेषतः १९९४ पासून जोराने, असं मांडलं की माणसांच्या स्वतंत्र निर्णयांपुरतं भविष्य अजून खुलं आहे, आणि देवालाही ते खुलंच दिसतं.

हे मत मनापासून मांडलेलं आहे. पण ते मला पटत नाही, कारण कोंबडा आरवण्याची वेळ आणि नाकारण्याची संख्या सांगणारा येशू त्यात बसत नाही. निनवेचा इशारा हा इशाराच होता. तो खरा व्हावा म्हणून दिलेला नव्हता, हे योनालाही पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा राग तोच होता (योना ४:२).

देवाला ठाऊक होतं तर त्याने माझ्या माणसाला वाचवलं का नाही?

हा प्रश्न वरच्या सगळ्यांहून वेगळा आहे. अपघात होणार हे देवाला ठाऊक आहे म्हटलं, की त्या ज्ञानाच्या बळावर तो टाळता येत नाही. टळला असता तर तो होणार हे ज्ञानच नसतं. म्हणजे खरा प्रश्न पूर्वज्ञानाचा नाही, देव काय होऊ देतो याचा आहे. त्याला कुणाकडेही नेटकं उत्तर नाही, आणि जो तिसऱ्या दिवशी घरी येऊन उत्तर देतो त्याचं ऐकू नका. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हा येशूने त्यांच्या पापाचा हिशेब मांडायला नकार दिला (लूक १३:४).

आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेजवळ जाताना येशूला ठाऊक होतं की आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार आहोत. शिष्यांना त्याने वाटेतच सांगितलं होतं. तरी लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून तो रडला. शेवट ठाऊक असल्यामुळे त्याचे अश्रू खोटे ठरले नाहीत. तुमचेही ठरत नाहीत. रडणाऱ्याला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प करू नका.

देवाने तारणासाठी निवडलेल्यांत मी आहे की नाही हे कसं कळेल?

यादी कुणाला दाखवलेली नाही. स्वतःच्या मनात खोल उतरून ती शोधू नका, ख्रिस्ताकडे पाहा, हा सल्ला खुद्द कॅल्व्हिनचा आहे. आणि येशू म्हणतो, माझ्याकडे येणाऱ्याला मी मुळीच घालवून देणार नाही (योहान ६:३७).

यातली एक बाजू धरलीच पाहिजे का?

नाही. निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळ्यांनी मिळून मान्य केलेल्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, यावर एक शब्दही नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

१ शमुवेल २३, लूक २२ आणि योहान ११ आधी. मग रोमकरांस पत्राचे ९ ते ११ हे अध्याय एका बैठकीत वाचा. नववा एकटा वाचून लोक धास्तावतात किंवा भांडायला उठतात. पौलाचं म्हणणं नवव्यात संपत नाही. दहाव्यात तो म्हणतो की जो कोणी प्रभूच्या नावाने हाक मारील त्याचं तारण होईल, आणि अकराव्याच्या शेवटी तो वाद सोडून देवाच्या अगाध ज्ञानाची स्तुती करू लागतो.